विशेष मुलांची बाग: कोकणात झाडांआधी पावसाचा विचार

प्रश्न थोडक्यात असा: मालवण तालुक्यातल्या एका गावात विशेष मुलांची छोटी शाळा आहे. मागच्या बाजूला दीड गुंठा मोकळी जागा, जमीन जांभ्याची, समुद्र किलोमीटरभरावर. मुलं 14. दोघं व्हीलचेअरवर (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), एका मुलीला अजिबात दिसत नाही, चार-पाच जणांना ऑटिझम, बाकीची मतिमंद. तिथल्या शिक्षिका विचारतात, पंचेंद्रियांना चालना देणारी बाग करायची तर कुठली झाडं लावू? इंटरनेटवरच्या यादीत लॅव्हेंडर, रोझमेरी दिसतात, ती कुठे मिळतील? पैसे बेताचेच आहेत.

ताई, लॅव्हेंडर आणि रोझमेरीच्या मागे लागू नका. ती कोरड्या हवेची झाडं. आपल्याकडे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैच्या मध्याला त्यांची मुळं कुजलेली असतात. दवणा आणि मरव्याचंही तेच, घाटावर छान येतात, खाली उतरले की पावसात टिकत नाहीत. तुम्हाला यादी देतो, पण जरा पुढे. माझा धंदा रोपवाटिकेचा आहे, थेरपीचा नाही. मुलांबद्दल जे लिहितोय ते अशा शाळांमधल्या बाई आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासोबत काम करताना शिकलेलं आहे. त्यातली पहिली गोष्ट ही की तुमचे निम्म्याहून जास्त पैसे वाटेवर आणि सावलीवर जातील, आणि ते तसेच जाऊ द्या. झाडं स्वस्त असतात. चाकाची खुर्ची झाडापर्यंत पोचलीच नाही तर झाड असून उपयोग नाही.

वाट जांभ्याच्या चिऱ्यांची करू नका. दिसायला सुंदर, पण मृगाच्या पहिल्या सरींनंतर पंधरवड्यात तिच्यावर शेवाळ चढतं आणि धडधाकट माणूससुद्धा आपटतो. खडी नको, पुढची छोटी चाकं रुततात. पेव्हर ब्लॉक आपल्या मातीत एक पावसाळा झाला की वरखाली होतात. साधं काँक्रीट घाला आणि ओलं असतानाच त्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनात. रुंदी कमीत कमी 1.2 मीटर, आणि जिथे खुर्ची वळवायची तिथे 1.5 मीटरचा चौक. चढ असेल तर नियमाप्रमाणे 1 ला 12 पर्यंत चालतो, पण मुलाला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवायची असतील तर 1 ला 20 ठेवा. पाणी निघून जावं म्हणून एका बाजूला किंचित उतार द्या, गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेत येऊ देऊ नका. वाटेच्या दोन्ही कडांना दोन-तीन इंच उंच कठडा करा. चाक खाली उतरत नाही आणि न दिसणाऱ्या मुलीच्या काठीला कड लागते. चिऱ्याचा गडगा रचू नका, निदान मुलांच्या हाताशी तरी नको. सुक्या रचाईच्या भोकांत फुरसं आणि विंचू राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध आलं आणि कितीतरी पोरं वाचली, पण ज्या मुलाला "काहीतरी चावलं" असं सांगता येत नाही त्याच्या बाबतीत भोकंच नकोत. चिरे सिमेंटात बसवा, फटी भरा, वरची कड गुळगुळीत करून घ्या. जांभ्यावर घासून कातडी खरवडते.

आता जागा. तुम्ही दीड गुंठा म्हणता, मी म्हणेन त्यातला निम्मा भाग आत्ता सोडून द्या आणि बाग पडवीला चिकटवून करा. कारण असं की जून ते सप्टेंबर मुलं बाहेर जाणारच नाहीत, मग शाळेच्या वर्षाचा मोठा तुकडा फुकट. पण पडवीत बसून पावसाला हात लावता येतो. पन्हळ लावली नसेल तर एका बाजूला मुद्दाम लावू नका, पागोळ्या पडू द्या. त्या पागोळ्यांच्या ओळीत खाली एकेक वस्तू मांडा: पालथं पातेलं, पत्र्याचा डबा, मातीचं मडकं, सुपारीची पोय, आणि एका जागी कुंडीतली केळ अशी ठेवा की पागोळी नेमकी पानावर पडेल. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मूल खुर्चीतून हात पुढे करून पागोळी तळहातावर घेतं, हात काढला की आवाज परत सुरू, हात धरला की बंद. माझ्यामुळे काहीतरी घडतं, हे ज्या मुलाला दिवसभरात क्वचित अनुभवायला मिळतं त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. पैसे शून्य. पाणी साचून राहील असं भांडं मात्र तिथे ठेवू नका. डास होतात, आणि फिट येणाऱ्या मुलाला उघडं पाणी एकट्याने नको.

वाऱ्यावर वाजणाऱ्या घंट्या लोक हौसेने आणतात. टांगू नका. आपल्या किनाऱ्यावर दुपारी वारा सुटला की त्या थांबत नाहीत, आणि आवाजाचा त्रास होणारं मूल कान दाबून कोपऱ्यात जातं. जे वाजवल्याशिवाय वाजत नाही तेच ठेवा: गुलमोहराच्या सुक्या शेंगा दोरीला बांधून, बांबूची नळकांडी, करवंट्या.

हे थोडं विस्ताराने सांगतो, कारण इथेच बहुतेक बागा फसतात. लोकांना वाटतं जितके जास्त वास, रंग, आवाज तितकी बाग चांगली. खरं तर एका वेळी एकच गोष्ट हवी. ऑटिझम असलेल्या मुलाला मोगरा, तुळस आणि शेणखत यांचा मिळून येणारा वास हा वास नसतो, गोंगाट असतो. न दिसणाऱ्या मुलीसाठी तर वास म्हणजे पत्ता. पहिल्या वळणावर पानओवा, दुसऱ्या वळणावर हळद, नळाशी पुदिना. हे तीन वास तिला पक्के कळले की ती एकटी नळापर्यंत जाऊन येईल. चौथं सुगंधी झाड मध्ये घुसवलंत तर पत्ता पुसला. वाटेच्या बाजूने तिच्या कमरेच्या उंचीला दोर बांधा, प्रत्येक वळणाआधी गाठी मारा: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. काथ्याचा दोर हाताला छान लागतो, पण पावसात कुजतो, दरवर्षी बदलावा लागेल. ज्या मुलांना खरखरीत स्पर्श सहन होत नाही त्यांच्यासाठी थोड्या भागावर सुती कापड गुंडाळा. खांब लोखंडी नकोत, खाऱ्या वाऱ्याने दोन-तीन वर्षांत गंजून पापुद्रे सुटतात. बांबू किंवा पोफळीचे वासे घ्या, पोफळ नीट तासून घ्या, तिची कुसं बोटात घुसतात.

आणि पळून जायला जागा हवी. ऑटिझमच्या मुलाला बागेत नेताना त्याला आधी दाखवायचं ते फूल नाही, तो कोपरा. यासाठी माझी आवडती योजना म्हणजे पडवळाचा मांडव. परसात घालतात तसाच, फक्त ठेंगणा, चार फुटांचा, तीन बाजूंनी वेल आणि एक बाजू पडवीकडे उघडी म्हणजे बाईंचं लक्ष राहील. बी पावसाच्या तोंडावर टाकलं की श्रावणात आत हिरवा अंधार होतो आणि पडवळं मुलांच्या हातापर्यंत लोंबतात, गार, लांब, किंचित लवदार. सरळ वाढावं म्हणून टोकाला खडा बांधतात ना, ते काम मुलांना द्या. शेजारी घोसाळी सोडा, त्यातली दोन-तीन काढूच नका, वेलावर वाळू द्या. सोलून बिया झटकल्या की आतली जाळी हातात येते. माकडं येतात हे गृहीत धरून निम्मं पीक त्यांचं समजा. दिवाळीनंतर वेल वाळले की तोच मांडव झापांनी शाकारा, मार्च-एप्रिलची सावली तयार. माडाखाली मात्र बसायची जागा करू नका. आवारात माड असेल तर त्याच्या घेरात वाट, बाक काही नको. नारळ किंवा झावळी पडताना "बाजूला हो" म्हणायला वेळ देत नाही, आणि आपली मुलं पटकन बाजूला होणारी नाहीत.

आता वाफे. व्हीलचेअर वाफ्याच्या कडेला लावून अंग पिळत हात घालायचा, हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला जमत नाही. त्याला गुडघे वाफ्याखाली घालून समोरून हात न्यायचा असतो. लोक निळं पिंप उभं चिरून स्टँडवर ठेवतात. ते पिंप फूटभर खोल, गुडघ्यांना जागा सोडली की वरची कड मुलाच्या गळ्याशी येते. त्यापेक्षा छपराला लावतो ती रुंद पीव्हीसी पन्हळ घ्या. उथळ, हलकी, तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दोन्ही टोकं बंद करा, तळाला भोकं पाडा, बांबूच्या घोडीवर ठेवा. उंची पुस्तकातून घेऊ नका: मूल त्याच्या स्वतःच्या खुर्चीत बसलेलं असताना जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत मोजा आणि चार बोटं मिळवा, तिथे पन्हळीचा तळ. हाताची पोच फार नसते, तेव्हा दोनच पन्हळी शेजारी शेजारी, तिसरी नको. यात पुदिना, मेथी, कोथिंबीर, पानओवा येतात. एवढ्याशा मातीत पाणी लवकर आटतं, हे लक्षात ठेवा. उभं राहू शकणाऱ्या मुलांना चिऱ्याचे तीन थर पुरतात, साधारण दीड-पावणेदोन फूट उंची होते, आणि रुंद कडेवर बसताही येतं.

झाडांकडे येतो. पहिलं रोप पानओवा. जाड, मऊ, लवदार पान, बोट लावलं तरी वास, तोंडात गेलं तरी चालतं, याच पानांची भजी करतात. मुलाने ओरबाडून मोडलं तर तोच तुकडा मातीत खोचायचा, लागतो. ज्या मुलांना हाताची ताकद आवरता येत नाही त्यांच्यासाठी असंच झाड हवं, मोडलं तरी कोणी ओरडायला नको. फक्त थेट पावसात ठेवू नका, सडतो, पडवीच्या कडेला ठेवा.

दुसरी हळद. मेअखेर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती, शेणखत आणि गड्डे, प्रत्येक मुलाची एक गोणी. अर्धवट सावली चालते, काटा नाही, चीक नाही. नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं काढायची, पान गुंडाळून वाफवल्यावर येणारा वास मुलांनी आधी बागेत हुंगलेला असतो. पौषाच्या सुमारास पानं वाळली की गोणी सरळ पालथी करायची आणि मुलांनी मातीतून गड्डे हुडकायचे. हात पिवळे होतात, सांगून ठेवा पालकांना.

तिसरा तेरडा. रानातला फुकटचा. गौरीसाठी आणतो तोच. लोक "स्पर्शाची बाग" म्हटलं की लाजाळू सुचवतात. लाजाळूला काटे आहेत, आणि एकदा कोकणच्या मातीत सुटली की आवरत नाही. तेरड्याची पिकलेली शेंग चिमटीत धरली की फट्‌कन फुटते, साल वळून बोटाला गुंडाळतं, बिया उडतात. वळवळणाऱ्या, ताठर बोटांनाही जमेल इतकाच दाब लागतो. एकेक मूल अर्धा तास दुसऱ्या कशाकडे बघत नाही. भाद्रपदात गच्च शेंगा धरतात आणि पुढच्या वर्षीची पेरणी मुलांच्या हातून आपोआप होते.

मग जास्वंद, साधी, पाच पाकळ्यांची लाल. पण कुठे लावायची ते महत्त्वाचं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांचे डोळे ठीक असतात, पण मेंदूला चित्र जुळवता येत नाही. अशा मुलांना पुष्कळदा लाल किंवा पिवळा एकच रंग, साध्या पार्श्वभूमीवर, हलताना चटकन कळतो. तुमच्या जांभ्याच्या भिंतीसमोर लाल जास्वंद म्हणजे लालावर लाल. भिंतीच्या तेवढ्या तुकड्याला पांढरा चुना काढा आणि समोर एकच झाड ठेवा. चार रंगांच्या जास्वंदी एकत्र लावल्या की त्या मुलाला काहीच दिसत नाही. पिठ्या ढेकूण येतील, साबणाच्या पाण्याने धुवा. बागेत औषध फवारायचं नाही, अजिबात.

वाळा एका गोणीत, उतारावर कडेला. वर्ष-दीड वर्षाने गोणी फाडून मुळं पाण्याखाली धुवायची, तेव्हा वास सुटतो. गवती चहा लावा, पण वाटेपासून मागे, त्याची पात हात कापते. पान कापून, चुरगाळून हातात द्यायचं. तुळस हवीच, पण त्या तीन वासांच्या वळणांपासून लांब, मंजिऱ्या खुडत राहा म्हणजे मधमाश्या वाटेवर येणार नाहीत. रातराणी, प्राजक्त, मोगरा यांचा शाळेला उपयोग कमी. रातराणी रात्री घमघमते, प्राजक्त पहाटे गळतो, मोगरा संध्याकाळी उमलतो, आणि तुमची शाळा दहा ते चार. म्हणून फुलांपेक्षा पानांच्या वासावर भर द्या. आणि सगळं लावायलाच हवं असं कुठे आहे? फाल्गुनात बाजारात सुरंगीचे वळेसर (गजरे) येतात, एक आणून मांडवात टांगा. सुरंगीचं झाड लावून फुलांची वाट बघाल तर ही मुलं शाळा सोडून गेलेली असतील.

नको असलेली झाडं या यादीहून महत्त्वाची आहेत. ऑटिझमच्या आणि मतिमंद मुलांपैकी काहींना माती, पानं, काहीही तोंडात घालायची सवय असते. म्हणून हाताच्या टप्प्यात असलेलं प्रत्येक झाड खाल्लं तरी चालेल असंच हवं. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड, मोगली एरंड, गुंज, कळलावी, घाणेरी, रुई आवारात असतील तर मुळासकट काढा. मोगली एरंड कुंपणाला हमखास असतो, आणि त्याच्या बिया खाऊन पोरं आजारी पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सदाफुली निरुपद्रवी वाटते, तीही खाण्यात जाऊ नये. शोभेची डिफेनबाखिया आणि अळू तोंडाला खाजवतात, सुजवतात. रानाच्या बाजूने खाजकुयलीचा वेल वाऱ्याने लव सोडतो, तो दिवाळीआधीच उपटा. काजू असेल तर हंगामात बोंडासकट बिया रोज गोळा करा, ओल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं. आंब्यावर हुमले (चावऱ्या लाल मुंग्या) असतील तर त्याखाली सावलीसाठी बसू नका.

मुलांच्या तब्येतीबद्दल थोडं, तुमच्या थेरपिस्टना विचारूनच: गिळायला त्रास असलेल्या मुलाला चाखायला पान देऊ नका, वासावर थांबा. फिट येणाऱ्या मुलांजवळ कापूर, निलगिरीचं तेल असले तीव्र वास आणू नका. मणक्याचा जन्मजात दोष (स्पायना बिफिडा) असलेलं मूल पुढे आलं तर त्याला रबरी हातमोजे नकोत, अशा मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांचं झालेलं असू दे, आणि पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात अनवाणी नाही. लेप्टो (उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आपल्याकडे आहे.

पायांसाठी मात्र एक पट्टी करा, पडवीच्या आत, कोरड्यात. चार-पाच उथळ खोकी: नदीतले गोल गोटे, धुतलेली वाळू, भाताचं तूस, नारळाची सोडणं, सारवलेली जमीन. खुर्चीतल्या मुलाचा पाय उचलून त्यात ठेवता येतो. तूस डोळ्यात जातं, ते वारा नसेल तेव्हाच.

आणखी एक गोष्ट यादीत कधी नसते. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी 1960-70 च्या दशकांत मांडलं की पाच ज्ञानेंद्रियांखेरीज तोल आणि सांधे-स्नायूंची जाणीव हीसुद्धा मुलाला सावरायला लागते. बागेच्या भाषेत याचा अर्थ कष्टाचं काम. भरलेली झारी नेणं, माती भरलेली ढकलगाडी रेटणं, गोणी ओढणं. सारखं उड्या मारणारं, कुठेच न टिकणारं मूल दोन झाऱ्या पाणी वाहून आलं की बरेचदा शांत बसतं. म्हणून ठिबक सिंचन बसवू नका. नळ खटक्याचा, वर-खाली होणारा बसवा, फिरवायचा नको, आणि त्याखाली छोट्या झाऱ्या ठेवा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या मांडीवर अर्धी झारी द्या आणि ढकलणारा कोणीतरी दुसरा मुलगा असू द्या, दोघांचंही काम होतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, म्हणून काही जण प्रकारागणिक कोपरे पाडतात, अंधांचा कोपरा, ऑटिझमचा कोपरा. माझं मत विरुद्ध आहे. तुमच्या 14 मुलांची नावं लिहा, प्रत्येकापुढे त्याला काय आवडतं, कशाने तो बिथरतो, एवढं लिहा. त्या कागदावरून बाग आखा.

कामाचा क्रम: मे महिन्यात काँक्रीट आणि चिऱ्याचं काम उरका, पाऊस लागला की गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी काँक्रीट बसत नाही. मेअखेर हळद आणि पडवळ, मृगात बाकीची रोपं. समुद्राकडच्या बाजूला खारा वारा अडवायला जास्वंदीची दाट ओळ करा, ती पांढऱ्या भिंतीसमोरच्या झाडापासून लांब. कलमं आणि रोपं दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि त्यांच्या केंद्रांवर मिळतात, तेरडा, पानओवा, हळदीसाठी मात्र मुलांच्या आयांना विचारा, पैसे घालवू नका. खरा प्रश्न पुढच्या मेचा आहे. शाळेला सुट्टी, विहीर खाली गेलेली, पाणी घालायला कोणी नाही. पन्हळी सुट्टीत सरळ मुलांच्या घरी पाठवा, एकेक जण एकेक घेऊन जाईल. उरलेल्या वाफ्यांत मडकी पुरून ठेवा आणि आठवड्यातून दोनदा ती भरायला शेजारच्या घरी कोणाला तरी सांगा, त्याबद्दल थोडे पैसेही द्या. फुकटात सांगितलेलं काम वैशाखात होत नाही.

खुर्चीतल्या दोघांच्या गुडघ्यांची मापं आणि पडवीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळवा, पन्हळी किती लागतील ते सांगतो.